गाडी लागते त्यांच्यासाठी

मुलांनो, या आठवड्यात मी तुम्हाला आमच्या गॅलरीतल्या बुलबुलाच्या घरट्याची हकिकत सांगणार होतो. पण ती पुढच्या वेळी. पिल्लं अजून उडालेली नाहीत, तेव्हा तशी घाई नाही. घाई आहे ती एका पत्राची.

पत्र नाशिकच्या सिडकोतून आलंय. लिहिणारी सातवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं दोनदा लिहून खाली रेघही मारली आहे, म्हणून नाव देत नाही. ती लिहिते :

‘काका, माझे बाबा नोकरीसाठी पुण्याला असतात. दर दुसऱ्या शनिवारी मी आणि आई एसटीनं पुण्याला जातो आणि रविवारी रात्री परत येतो. मला प्रवास मुळीच आवडत नाही. मला गाडी लागते. पूर्वी मी सुट्टीच्या दिवशी गोष्टी लिहायचे. आमच्या वर्गाच्या हस्तलिखितात माझ्या तीन गोष्टी आल्या होत्या. या वर्षी एकही नाही. बसमध्ये वही काढली की मळमळतं आणि घरी पोचल्यावर झोप येते. सगळे म्हणतात, प्रवासानं माणूस शहाणा होतो. मी होत नाहीये. मी काय करू?’

‘मी होत नाहीये’ वाचून मला आधी हसू आलं. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा नाही आलं. दर दुसरा शनिवार म्हणजे वर्षाला सव्वीस शनिवार झाले की हो! आणि बाबांना भेटायचं तर जायला हवंच. ‘आवडत नाही, तर जाऊ नकोस’ असं तिला कोण सांगणार?

बरं, हे पत्र आलं कुणाकडे? ज्याला स्वतःला गाडी लागते त्याच्याकडे! तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत असेल, लेखक मंडळी पाठीला पिशवी लावून सतत भटकत असतात. तसं काही नाही बरं का. मला सकाळी गोदाघाटापर्यंत चालत जाऊन घरी येऊन चहा प्यायला आवडतो. त्यापलीकडचं सगळं मी नाइलाज म्हणून करतो. शाळेच्या भिंतीवरची ती देशाटनाची आर्या मलाही पाठ होती. ती म्हणताना माझ्या पोटात ढवळायचं.

पाचवीत असताना आम्ही सगळे सप्तशृंगीच्या गडावर निघालो होतो. वणी गेलं, नांदुरी आली, घाट सुरू झाला. आईनं हुंगायला लिंबू दिलं होतं. तिसऱ्या वळणाला ते लिंबू माझ्या हातातून सुटून मागे घरंगळत गेलं आणि चौथ्या वळणाला मी शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांच्या स्वच्छ पांढऱ्या धोतरावर ओकलो. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता गाडी लागते म्हणजे होतं काय, ते आधी पाहू. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, अगदी खोलवर, अर्धवर्तुळाच्या आकाराच्या तीन बारीक नळ्या असतात. त्यांत पातळ द्रव असतो. डोकं वळलं, कलंडलं की तो द्रव हलतो आणि मेंदूला बातमी जाते : ‘वळलो!’ त्यांच्या शेजारीच आणखी दोन छोट्या पिशव्या असतात. त्या वेग वाढला, कमी झाला, खड्डा आला याची बातमी देतात. तुम्ही बसमध्ये वही उघडता तेव्हा डोळे म्हणतात, ‘सगळं स्थिर आहे, अक्षरं जागच्या जागी आहेत.’ कान म्हणतो, ‘छे, आपण केव्हाचे गदगदा हलतोय!’ दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगू लागले की मेंदूचा गोंधळ उडतो. त्यात पोट का ढवळावं, याविषयी एक तर्क असा मांडला गेलाय की, काही विषारी पोटात गेलं तरी डोळ्यांचं आणि कानाचं असंच बिनसतं. म्हणून मेंदू ‘काहीतरी वाईट खाल्लंय, काढा बाहेर’ असा हुकूम सोडतो. बिचाऱ्या पोह्यांचा काही दोष नसतो.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, लहान बाळांना सहसा गाडी लागत नाही. साधारण सहा ते बारा या वयात त्रास सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे बऱ्याच जणांचा तो कमी होतो. (माझा झाला नाही. पण तुमचा होईल!) दुसरी, गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही. ड्रायव्हरकाकांना वळण यायच्या आधीच माहीत असतं. त्यांचे डोळे रस्त्यावर असतात, हात चाकावर असतात आणि कानाला जे कळणार ते मेंदूला आधीच कळलेलं असतं. हे आपल्या कामाचं आहे, पुढे उपयोगी पडेल.

म्हणजे, सातवीतल्या मैत्रिणी, तुझा आळस नाही, तुझं नाटक नाही आणि तू शहाणी होत नाहीयेस असंही नाही. तुझा कान चोख काम करतोय, एवढंच.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट. इंग्लंडमधला एक बावीस वर्षांचा मुलगा २७ डिसेंबर १८३१ या दिवशी प्लिमथ बंदरातून ‘बीगल’ नावाच्या जहाजावर निघाला. जहाज बंदराबाहेर पडलं आणि त्याला समुद्र लागला. त्याला वाटलं, चार दिवसांत सवय होईल. सवय झाली नाही. प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला आणि जहाज डोलू लागलं की शेवटपर्यंत त्याचे हाल होत राहिले. त्याची खोली इतकी लहान होती की रात्री झोळीत झोपताना पाय मावावेत म्हणून कपाटातला एक खण काढून ठेवावा लागे. पोटात काही टिकत नसे, तेव्हा तो बिस्किटं आणि मनुका खाऊन पडून राही. या मुलाचं नाव चार्ल्स डार्विन. सजीवांच्या उत्क्रांतीचा विचार पुढे १८५९ साली ज्यानं पुस्तकातून जगापुढे ठेवला, तोच हा डार्विन.

मला यात काय आवडतं सांगू? डार्विननं समुद्राशी उगीच झुंज दिली नाही. पाच वर्षांपैकी तीनाहून अधिक वर्षं तो जमिनीवरच होता. जहाज किनाऱ्याला लागलं की हा उतरलाच! घोड्यावरून, पायी, दऱ्याखोऱ्यांतून हिंडायचा. खिशात लहानशी वही असायची, तिच्यात पेन्सिलीनं तुटक टिपणं करायची. वाक्यं अर्धवट, अक्षर वेडंवाकडं. मग निवांत बसायला मिळालं की त्याच टिपणांवरून सविस्तर रोजनिशी लिहायची. हलत असताना फक्त खूण करायची आणि थांबल्यावर लिहायचं, अशी त्यानं कामाची वाटणीच करून टाकली होती. आणि गंमत पाहा, १८३६ साली घरी परतल्यावर हा गृहस्थ आयुष्यात पुन्हा कधी ब्रिटनच्या किनाऱ्याबाहेर गेला नाही. पाच वर्षांत जे जमा केलं, ते त्याला पुढची पन्नासेक वर्षं पुरलं.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबई बंदरातून सुरू होते. १९३० सालची ३१ जुलै. ऐन पावसाळ्यातला समुद्र. एकोणीस वर्षांचा एक मुलगा मद्रासहून येऊन युरोपला जाणाऱ्या बोटीत चढला. त्याला केंब्रिजला शिकायला शिष्यवृत्ती मिळाली होती. घरी आई फार आजारी होती. तिला सोडून जावं की नाही, हा घरातला मोठा प्रश्न होता. पण ‘तू जा’ असं आईनंच सांगितलं. तेव्हा हा मुलगा काही हौसेनं, हात हलवत निघालेला नव्हता. पहिले काही दिवस समुद्र खवळलेला, बोट हेलकावतेय, जो तो आडवा झालेला. लिहिणं-वाचणं सोडाच!

मग समुद्र शांत झाला. मुलगा डेकवर येऊन बसला. त्याच्याजवळ मोजकी पुस्तकं होती आणि डोक्यात एक प्रश्न होता. ताऱ्यातलं इंधन संपलं की तारा आक्रसतो. सूर्यासारखा तारा आक्रसत आक्रसत साधारण पृथ्वीएवढा होतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. त्यावेळी समजूत अशी होती की सगळे तारे अखेरीस असेच निमूट श्वेत बटू होतात. या मुलाच्या लक्षात आलं की इतक्या दाटीवाटीत ताऱ्यातले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळत असणार, आणि तसं असेल तर आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत हिशेबात घ्यायलाच हवा. त्यानं तो घेतला आणि डेकवर बसून गणित केलं. उत्तर विचित्र आलं. ताऱ्याचं वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असेल, तर तो श्वेत बटू म्हणून टिकूच शकत नाही! आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. मुलाचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. मर्यादेला त्याचंच नाव आहे.

बोट ऑगस्टमध्ये व्हेनिसला लागली. पुढच्या वर्षी, १९३१ च्या मे महिन्यात, आई गेली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ते गणितही लोकांना लगेच पटलं नाही. १९३५ मध्ये एडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञानं भर सभेत त्याची टर उडवली. नोबेल पारितोषिक मिळालं ते १९८३ साली, चंद्रशेखर त्र्याहत्तर वर्षांचे झाले तेव्हा.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक म्हणतात, पाहा, बोटीवरचा वेळ कसा सत्कारणी लावला! मला ते पहिले काही दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात, जेव्हा काहीच जमत नव्हतं. त्या दिवसांचा जमाखर्च कुणी मांडत नाही. तेव्हा तोही तुमच्या-माझ्यासारखा नुसता पडून होता.

मैत्रिणी, तुझ्या रस्त्यावर नारायणगाव लागतं ना? तिथून जवळच खोडदला ३० मोठमोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. ती डोळ्यांनी दिसणारा प्रकाश पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. ज्या मोठ्या ताऱ्यांचा गाभा चंद्रशेखरांच्या मर्यादेपलीकडे जातो ते अखेरीस फुटतात, तेव्हा कधी कधी मागे गरगर फिरणारा एक दाट गोळा उरतो. असल्या गोळ्यांची ठरावीक ठेक्यात येणारी टिकटिक खोडदला नोंदवतात. तू उलटीच्या भीतीनं डोळे मिटून बसलेली असतेस, तेव्हा शेजारच्या शिवारात एवढं सगळं चाललेलं असतं. पुढच्या वेळी नारायणगाव आलं की आईला सांग.

बरं, आता कामाला लागू. मी इतक्या वर्षांत जे करून पाहिलं, त्यातलं जमलेलं सांगतो. न जमलेलं बरंच आहे, ते सांगत बसत नाही.

पहिली गोष्ट, वही मिटून टाका. मोबाइलही मिटा, तो वहीपेक्षा वाईट. चालत्या बसमध्ये लिहायचं नाही, हे एकदा ठरलं की निम्मी धास्ती जाते. पण लिहायचं नाही म्हणजे गोष्ट रचायची नाही असं थोडंच आहे? मी ‘गावाला एक वाक्य’ असा खेळ खेळतो. नाशिक रोड सुटलं की गोष्टीचं पहिलं वाक्य मनात तयार करायचं. ते सिन्नरपर्यंत घोळवायचं, शब्द बदलायचे, पुन्हा म्हणायचं. सिन्नर मागे पडलं की दुसरं. संगमनेरला तिसरं. प्रत्येक नव्या वाक्याआधी जुनी सगळी वाक्यं गावांच्या नावासकट पहिल्यापासून म्हणायची. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत पुणं येईपर्यंत आठ-नऊ वाक्यं होतात. गावाचं नाव आठवलं की वाक्य आपोआप आठवतं, हे करून पाहिल्याशिवाय पटायचं नाही. बस कुठे चहाला थांबली, तर उतरायचं, मोकळ्या हवेत उभं राहायचं आणि तेवढ्या दहा मिनिटांत कागदावर चार शब्द टिपून घ्यायचे. डार्विनसारखे तुटक.

आठच वाक्यांत काय होणार, असं म्हणू नका. जे वाक्य वीस किलोमीटर तोंडात घोळवलं, त्यात फालतू शब्द राहत नाही. टेबलाशी बसून मी भराभरा लिहितो आणि मग निम्मं खोडतो. बसमधलं खोडावं लागत नाही, कारण लक्षात राहण्यासारखं नसेल ते संगमनेरपर्यंत टिकतच नाही.

आपल्याकडे एका माणसानं तर पंचविसेक वर्षं असं मनात सांभाळलं होतं. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरी गरिबी, डोक्यावर कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा चांगली मिळेल असं कळलं, म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर निघाले. पर्यटन वगैरे काही नव्हतं, पैशाची गरज होती. वाटेत बंडाची बातमी आली. मग झाशी पडली तेव्हा हे झाशीत! प्राण वाचले, पैसे मात्र वाटेत लुटले गेले. गंगेचं पाणी घेऊन घरी परतले. आणि पुढे १८८० नंतर कधीतरी त्यांनी हे सगळं लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. इतक्या वर्षांनंतरही कुठे काय खाल्लं, कुणाच्या ओसरीवर झोपलो, हे त्यांना आठवत होतं. मोठे झालात की जरूर वाचा. भाषा जुनी आहे, पण धरून ठेवते.

दुसरा खेळ चित्र काढणाऱ्यांसाठी. परीक्षेचं पॅड मांडीवर घ्या, त्यावर कोरा कागद लावा. हातात स्केचपेन अगदी सैल धरा, टोक कागदाला नुसतं टेकवा. (टोकदार पेन्सिल नको, बस आचके देते.) डोळे मात्र खिडकीबाहेर लांब डोंगराकडे. कागदाकडे बघायचंच नाही. आता चित्र एसटी काढणार, आपण नुसता पेन धरायचा!

मी हे सीबीएसवरून त्र्यंबकेश्वरला जाताना केलं. अठ्ठावीस किलोमीटर, एक कागद. सातपूरच्या सिग्नलला बस उभी राहिली तिथे शाईचे जाड ठिपके पडले. गतिरोधकावर उंच सुळके आले. अंजनेरीच्या पुढे रस्ता बरा होता, तिथे रेघ कशी संथ, नदीसारखी. घरी आल्यावर पुतण्यानं कागद आडवा धरला आणि म्हणाला, ‘काका, हा पागोटं बांधलेला म्हातारा आहे, याला दात नाहीत.’ खरंच होता! मग आम्ही त्याला डोळे आणि चष्मा काढला. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे.

तिसरा खेळ फक्त कानाचा. कंडक्टरची घंटा एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला, हे तुम्हाला माहीत आहेच. पण खिडकीची काच कोणत्या वेगाला कोणत्या तालात थरथरते, गिअर बदलताना बस घसा कसा खाकरते, बाजूचा माणूस झोपेत काय पुटपुटतो? आगगाडीत तर मजाच असते. मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिनं जोडतात. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट असा खडा आहे, एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. मागून ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. ती लागताना गाडीला एक बारीकसा धक्का बसतो. डोळे मिटून बसा आणि तो ओळखा. मग बोगदे आवाजावरून मोजा. इगतपुरीला बँकर सुटतात, तोवर तुमच्याकडे एका अख्ख्या कवितेचे आवाज जमा झालेले असतात. पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासधारकांनीच मिळून एक डबा शांततेचा केला होता. पत्ते नाहीत, मोठ्यानं मोबाइलवर बोलणं नाही. मी त्या प्रवाशांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

आणि चौथा म्हणजे ड्रायव्हरकाकांचा खेळ. शक्यतो पुढच्या बाजूला, चाकावरची जागा सोडून बसा. समोरचा रस्ता पाहा आणि वळण यायच्या आधी मनात म्हणा, ‘डावं’, ‘उजवं’. कानाला कळायच्या आधी मेंदूला कळवायचं. चंदनापुरी घाटात मी हे करतो. पोट बरंचसं गप्प बसतं. जोडीला आलेपाक किंवा आवळासुपारी. पोट अगदी रिकामं नको आणि वडापावनं भरलेलंही नको. फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची आणि ती निघायच्या आधी घ्यायची. मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

पालक हे वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. दर पाच मिनिटांनी ‘बाहेर बघ, किती छान दिसतंय’ म्हणू नका हो. आम्हाला दिसतंय. आम्ही त्या वेळी एका मोठ्या कामात गुंतलेलो असतो, ते म्हणजे न ओकणं. आणि एखाद्या शनिवारी वाक्य नाही, चित्र नाही, नुसती आईच्या खांद्यावर झोप, असं झालं तर तेही चालेल.

आता एक गोष्ट सांगायची की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होतो. सांगतो.

माझी थोरली मावशी भुसावळला असायची. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. किती, ते तिलाही माहीत नव्हतं. एकीतून दुसरी निघायची. मी कॉलेजात होतो, लिहिण्याचा नाद लागलेला. ती म्हणायची, ‘ये रे चार दिवस, बस माझ्याजवळ, लिहून घे. माझ्यामागं कोण म्हणणार आहे?’ मी हो म्हणायचो. मग प्रवासाचा दिवस जवळ आला की पोटात गोळा यायचा, आणि मी पत्र टाकायचो : परीक्षा आहे, ताप आहे, पुढच्या सुट्टीत नक्की. एकदाच गेलो. पहिला दिवस पडून काढला, दुसऱ्या दिवशी ओव्या लिहून घेतल्या आणि परतीची धास्ती होती म्हणून तिसऱ्या दिवशी निघालो. चौथ्या दिवसाचं तिनं काय काय ठरवून ठेवलं होतं, ते मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा तिनं उजव्या हातानं जातं फिरवल्यासारखं केलं आणि हसली. त्यानंतर ती सहा वर्षं होती.

माझ्याकडे तिच्या अकरा ओव्या आहेत.

म्हणून मैत्रिणी, तुझ्या पत्राला मी ‘प्रवास आवडून घे’ असं उत्तर देणार नाही. मला तो अजून आवडत नाही आणि तुलाही आवडायलाच हवा असं नाही. तू दर दुसऱ्या शनिवारी जातेस, मळमळत असूनही जातेस. मी गेलो नाही. तुझ्या गोष्टी कुठे पळून जात नाहीत. सिन्नरचं एक वाक्य या शनिवारी करून बघ. पुण्याला पोचलीस की आधी बाबांना म्हणून दाखव, वहीत नंतर उतरव. बाबांनाही दोन आठवडे काय चाललंय ते तेवढंच कळेल.

बाकीच्यांनी एसटीनं, आगगाडीनं, रिक्षानं काढलेली चित्रं मला पाठवा. कागदाच्या मागे कुठून कुठपर्यंत ते लिहा आणि त्यात तुम्हाला काय दिसलं तेही लिहा. आपण ती या पानावर छापू. होडीत काढलेलं चित्र कुणी पाठवलं तर फारच उत्तम. गंगापूर धरणावर जाणारी मंडळी असतीलच. पण मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय होडीत चढायचं नाही.

मी येत्या शुक्रवारी भुसावळला जातोय. मावशीच्या सुनेनं निरोप पाठवलाय, तिला म्हणे सासूच्या पाच-सहा ओव्या येतात, आणि शेजारच्या एक आजी मावशीबरोबर दळायला बसायच्या त्यांना आणखी काही. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, जळगाव अशी चार वाक्यं जायच्या वाटेवरची धरली आहेत. पॅडला कागद लावलाय, लिंबू पिशवीत टाकलंय. या वेळी दोन घेतलीत, एक घरंगळलं तर दुसरं असावं.